भाऊजींच्या हातातली तलवार

भाऊजी, काल दुपारी गावानं पारावर बसून तुमच्या हातात तलवार दिली. परवापर्यंत काठी होती. त्याआधी नुसते हात होते. आता तलवार आहे आणि तिनं तुम्ही तीन वर्दीवाले कापले आहेत. माझ्या चुलीपुढं हौसेनं कांदा चिरायला बसायचात आणि अंगठ्याला चिंधी बांधून उठायचात, ते तुम्ही. मला हसू आलं असतं. पण पाथरवट आला आहे. काळा दगड ओसरीला टेकवून ठेवला आहे आणि त्यावर काय कोरायचं तेही पंचांनी ठरवलं आहे: वर्दीवाल्यांशी लढताना वीरमरण.

तुम्हाला जाऊन अजून महिना भरला नाही. महिन्याच्या दिवशी दगड उभा करायचा आहे. लोक प्रेमानं करताहेत, असं हे, तुमचे दादा, म्हणतात. असलं प्रेम माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्हाला वर्दीवाल्यांनी मारलं नाही. त्या दिवशी गावात एकही वर्दीवाला नव्हता, दिल्लीची फौज येताच ते सगळे पळून गेले होते. तुम्हाला आपल्या गावानं मारलं, विहिरीजवळ, भर दुपारी. कासम पिंजाऱ्यालाही त्याच वेळी मारलं. आता गोष्टीत असं आलं आहे की त्या वर्दीवाल्यांना कासमनं घरात लपवलं होतं. हे दगडावर चढलं की कासमची म्हातारी आई हुसेनबी, त्याची बायको आणि तिचं लेकरू यांना या गावात श्वास घेता येणार नाही. तिघंही आत्ता माझ्या घरात आहेत. तुमच्या खोलीत ठेवलंय त्यांना. तुमची हरकत नसेल, हे मी धरून चालले आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, तर न पाहिलेलं छातीठोकपणे सांगण्याचा. आणि तुमच्या मरणाचीच अफवा झाली, भाऊजी.

आपली खरी ओळख कनेरगावच्या नाक्यावर झाली. लग्नात तुम्ही नुसते पंगतीत वाढताना दिसला होतात. मी वाशिमची, मराठी सातवी पास झालेली, आणि सासरी माझ्या शिकण्याचं कौतुक असं कोणाला नव्हतंच. लढाईचे दिवस होते. दादांना पेरणीतून सवड नव्हती म्हणून मला माहेराहून आणायला तुम्ही आलात. नाक्याच्या पलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड, अलीकडं निजामाचं राज्य. जकात घेणारे करोडगिरीचे शिपाई गाड्यांतला माल उपसून पाहायचे आणि तोवर गाडीवाले लिंबाखाली बसून दुनियेच्या गप्पा मारायचे. तुम्ही मला उन्हात गाडीत बसवून ठेवलंत आणि त्यांच्यात जाऊन बसलात. हैद्राबादेत एवढे एम.ए. झालेले, आणि गाडीवानांच्या चिलमीच्या धुरात मांडी घालून.

एक वाशिमकडचा गाडीवान सांगत होता, की सरकार आता शेतकऱ्यांचे बैल लढाईवर नेणार.

"कोणी पाह्यलं?" तुम्ही विचारलंत.

"बजारात सारे सांगून राह्यले ना."

"तुला कोणी सांगलं?"

"माह्या साळ्यानं."

"आन ऐकून तू काय केलं?"

त्यानं चिलीम खाली ठेवली. मग म्हणाला, "जोडी इकली. येईल त्या भावात इकली. आता भाड्याच्या बैलावर गाडी हाकून राह्यलो."

गाडीत परत आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता. मी तुमची खोडी काढली, "भाऊजी, लढाई समुद्राच्या पलीकडं, आन तुमी इथं बैलांची चौकशी करून राहिले. हेच शिकवतेत का हैद्राबादेत?" तुम्ही हसला नाहीत. "वैनी," तुम्ही म्हणालात, "गोळी लागून मरणारे कोणीबी मोजतंय. खबर लागून मरणारे मोजायचं माझ्या वाट्याला आलंय."

तुमच्या प्रोफेसरांनी तुम्हाला तो विषय दिला होता, युद्धकाळातल्या अफवा. ते म्हणे मोठमोठ्या शहरांतली वर्तमानपत्रं तपासायला सांगत होते. तुम्ही हट्ट धरलात की आमच्या मुलखात वर्तमानपत्र वाचतो कोण, आमच्या अफवा बैलगाडीनं जातात. मग सुट्टीत यायचात आणि नाक्यावर, औंढ्याच्या जत्रेत, हट्ट्याच्या बाजारात तेच तीन प्रश्न विचारत फिरायचात. कोणी पाहिलं, तुला कोणी सांगितलं, ऐकून तू काय केलंस. पहिल्या दोन प्रश्नांनी खरं-खोटं कळतं, असं तुम्ही म्हणायचात. तिसऱ्यानं माणूस कळतो.

पांढरा कावळा आठवतो ना? मी विसरू देणार नाही. खबर किती वेगानं जाते ते पाहायचं म्हणून तुम्हीच नाक्यावर सोडून दिलंत, की वाशिमच्या रानात पांढरा कावळा दिसला. काही दिवसांत सासूबाई तुम्हालाच जेवताना सांगत होत्या की तो कावळा माणसासारखा बोलतो आणि जिथं बसतो तिथं पटकी येते. तुम्ही हसत हसत भाकरी मोडत होतात. नंतर हट्ट्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरून खबर आली. अंगावर कोड आलेल्या एका बाईला लोकांनी पांढऱ्या कावळ्याची बाई म्हणून दगडांनी मारलं होतं. तुम्ही तिथं गेलात. परत आलात तेव्हा सदऱ्याला तिच्या डोक्याचं रक्त होतं, तुम्ही तिला पाठीवर घेऊन वैदूकडं नेलं होतं. ती वाटेतच गेली. नंतर तुम्ही गंमत म्हणूनसुद्धा खोटं बोलला नाहीत. होळीला माझ्या पोरींना भुताची गोष्ट सांगतानाही आधी सांगायचात, "हे मी पाह्यलेलं न्हाई बरं का."

बेल उचलायला लावायचं तुम्हाला औंढ्यात सुचलं. नागनाथाच्या देवळात दोन भावांचा बांधावरून वाद चालला होता. एकजण तावातावानं सांगत होता की त्यानं आपल्या डोळ्यांनी दगड सरकवताना पाहिलं. म्हाताऱ्या गुरवानं त्याच्यापुढं बेल धरला, "उचल आन सांग." त्याचा हात तिथंच थांबला. "म्हंजे, ऐकलं व्हतं," तो म्हणाला. तुम्ही तिथूनच बेलाची पानं खिशात घालून आलात. पुस्तकात न सापडलेलं आपल्या देवळात सापडलं, म्हणून दिवसभर लेकरासारखे खूश होतात. आपल्याकडं माणूस पारावर काहीही बोलेल, पण नागनाथाचा बेल हातात घेऊन न पाहिलेलं सांगणार नाही. त्यावर तुमची भिस्त होती. माझी तेवढी नव्हती. मी म्हणायचे, "बेल खोटं अडवतो भाऊजी, कुऱ्हाड न्हाई अडवत." तुम्ही म्हणायचात, "कुऱ्हाडीच्या आधी खोटं असतं, वैनी."

लढाई संपली आणि तिकडची माणसं सुखानं झोपली असतील. आपल्याकडं लढाई त्यानंतर आली. निजामाचं राज्य टिकवायला निघालेल्या त्या खाकी टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. आपण त्यांना वर्दीवाले म्हणायचो. तुमचा अभ्यास तेव्हा लिहून होत आला होता. ते आले त्या सकाळी तुम्ही ओसरीवर कागद वाळत घातले होते, ओल लागली म्हणून. इंग्रजी अक्षरं पाहून त्यांनी तुम्हाला जासूस ठरवलं. सगळे कागद अंगणात पेटवले. मग माझं जातं बाहेर ओढलं, तुमचा उजवा हात वरच्या पाळूवर दाबून धरला आणि बंदुकीच्या दस्त्यानं बोटं ठेचली, एकेक करून, मिरची कांडावी तशी. मी पोरींची तोंडं दाबून धान्याच्या कणगीमागं बसले होते. तुमचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे. त्या जात्यावर मी पुन्हा दळलं नाही. ते तुमचे दादा विकायला निघाले तर तेही करू दिलं नाही.

हात गेला तेव्हा तुम्ही मला सांगायला लागलात. भाकऱ्या थापताना चुलीपाशी बसून सगळं सांगायचात, कोणत्या गावची कोणती खबर, कुठून निघाली, कुठं वाढली. मी म्हटलं, मी लिहून ठेवते. तुम्ही म्हणालात, "नको. कागद सापडला तर तुमची बोटं जातील." मी बोटं भाकऱ्या थापायला राखून ठेवली आणि डोकं तुम्हाला दिलं. आणि खरं सांगू, या घरात सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्या डोक्याचा उपयोग करून घेत होतं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. वैनीनं दिराचे आभार मानायचे असतात का.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं आहे आणि मी ते सोडलेलं नाही.

माळावर धूळ उठली की गाव पळायचं. वर्दीवाले घोड्यांवर येतात, धूळ म्हणजे तेच. दोनदा असं झालं, दोन्हीदा ती म्हादू हटकराची मेंढरं निघाली. तोही घाबरून कळप खाली आणत होता, कारण गाव पळताना त्याला दिसलं होतं. गाव त्याला पाहून पळालं आणि तो गावाला पाहून. दुसऱ्या वेळी ओढ्याला पाणी होतं. पळापळीत दोन लेकरं बायांच्या हातातून सुटली. ती खाली बाभळीत अडकलेली सापडली. तुम्ही त्यांना काढलंत, एका हातानं. मग पारावर उभं राहून सांगितलंत, कोणीतरी बेल घेऊन पाहिलं म्हणेपर्यंत पळायचं नाही. गावानं ऐकलं.

तिसऱ्या वेळी खरंच ते आले. मी धूर पाहिला होता, धूळ नव्हे. मी तुम्हाला म्हटलं, "भाऊजी, हे न्हाई मेंढरांचं." तुम्ही म्हणालात, "माणूस पाठवलाय पाहायला." तो माणूस परत आलाच नाही. गाव पळालं तेव्हा उशीर झाला होता आणि माझ्या मावससासूबाई, गंगाबाई, गुडघ्यांनी अधू, त्यांना खळ्यापर्यंतच जाता आलं. त्यांना संगिनीनं भोसकून कडब्याच्या गंजीत टाकलं आणि गंजी पेटवली. आम्ही परत आलो तेव्हा त्यांच्या हातातल्या पाटल्यांवरून ओळखलं.

मी तुम्हाला त्या राखेपाशी बोलले. "तुमची तपासणी चालली व्हती तवा म्हातारी जळून राहिली व्हती. आधी पळावं, मग इचारावं." तुम्ही म्हणालात, "ओढ्यातली लेकरं आधी पळूनच मेली, वैनी." मी म्हटलं, "लेकरांचा हिशोब म्हातारीला सांगू नका."  त्यानंतर किती दिवस आपण बोललो नाही. तुम्ही चुलीपाशी यायचात, भाकरी घेऊन जायचात.

मी अजूनही म्हणते, त्या दिवशी तुम्ही चुकलात. तुमच्यावर माझा केवढा जीव होता, तरी म्हणते. आणि तुम्ही बरोबर होतात हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी मला एकाच छातीत घेऊन बसावं लागतं, आणि तुम्ही भांडायला नाही.

मग फौज आली. लोकांनी गुलाल उधळला. ज्यांनी वर्षभर मार खाल्ला, घरं जळताना पाहिली, त्यांच्या हातात अचानक काहीही करायची मोकळीक आली. समोर वर्दीवाले राहिले नव्हते. राहिला होता कासम, ज्यानं आयुष्यभर आपल्या गाद्या पिंजल्या. वर्दीवाल्यांनी त्याला दोनदा बडवलं होतं, सामील होत नाही म्हणून. ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवसांत कोणालाच आठवेना.

त्या दिवशी सकाळी विहिरीच्या डोणीपाशी म्हादूची मेंढरं मरून पडली. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. विहीर कासमच्या घरासमोर. पाण्यावर पांढरं काही तरंगत होतं. पिंजताना उडालेली कापसाची लव, भाऊजी. जन्मभर त्या विहिरीवर ती तरंगत आली, आणि आपण सगळे फुंकर मारून पाणी प्यायलो. पण त्या दिवशी कोणीतरी जहर म्हणालं आणि गाव गोळा झालं.

तुम्ही मला सांगून गेलात, "वैनी, हुसेनबीला आन तिच्या सुनेला मागच्या दारानं आत घ्या. कडी लावा." एवढंच. मी घेतलं आणि कडी लावली. मला वाटलं होतं, आता आपलं बोलणं सुरू झालं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. म्हणून तुमच्या पद्धतीनंच मिळवलं. तीन बाया आपापल्या घरांच्या धाब्यांवर चढून पाहत होत्या. तिघींना मी वेगवेगळं गाठलं, एकीला पाणवठ्यावर, एकीला निंदताना, एकीला बाळंतिणीच्या खोलीत. एकमेकींशी न बोललेली तोंडं एकच सांगत असतील तर कान द्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत. तिघींचं जुळलं.

तुम्ही डाव्या हातानं पोहरा ओढलात. पाणी तांब्यात घेऊन सगळ्यांसमोर प्यायलात, मग दुसरा तांब्या. विहिरीच्या काठावर बसून राहिलात, लोकांनी तुम्हाला जिवंत पाहावं म्हणून. "आता मेंढरं कशानं मेली ते शांतपणे पाहू," म्हणालात. कोणीतरी ओरडलं, ह्याला आधीच जहरावरचं औषध पाजलंय. मग तुम्ही खिशातून बेल काढलात. "कासमला जहर टाकताना कोणी पाह्यलं? हे घ्या आन सांगा." तिघीही सांगतात, तेव्हा गर्दी शांत झाली होती. पुढची माणसं एक पाऊल मागं सरली होती. एकीला तर वाटलं, आता पांगतील. तेवढ्यात मागून कुऱ्हाड आली.

ती कोणाची होती ते तिघीही सांगत नाहीत. मीही ओढून काढलं नाही. मग त्यांनी कासमला दारातून फरफटत काढलं आणि त्याच्याच पिंजणाच्या दांड्यानं मारलं, दांडा मोडेपर्यंत. आतून मला ते आवाज ऐकू येत होते. हुसेनबी माझ्याकडं पाहत होती. तिला आपल्या लेकाचं ओरडणं ओळखू येत होतं आणि मी तिच्या तोंडावर पदर दाबून धरला होता.

दादा घरी आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत लाल होतं. "वर्दीवाले आले व्हते," ते म्हणाले, "त्यायनं मारलं. पळून गेले." तुम्हाला आणून ओसरीवर निजवलं तेव्हा मी तुमचं तोंड पुसलं, मान पुसली. घाव मानेवर, मागून, रुंद, लाकूडतोडीच्या पात्याचा. सदरा पुढून ओला, विहिरीच्या पाण्यानं. वरच्या खिशात बेलाचं एक पान रक्तानं चिकटून बसलं होतं, ते मी काढून घेतलं. दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

मेंढरांचंही कळलं. म्हादूला मी माळावर गाठलं. घोंगडीत तोंड घालून बसला होता. पळालेले लोक अजून पुरते परतले नव्हते, रानं राखणीविना होती, पावसानं ओढ दिलेली, आणि त्यानं त्या पहाटे कळप लोकांच्या सुकत चाललेल्या कोवळ्या ज्वारीत घातला होता. तसली ज्वारी जनावराला विषासारखी लागते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"मंग बोलला काहून न्हाई?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं रान चारलं व्हतं, वैनी. मला झोडलं असतं."

"म्हनून कासमला मारू देलं?"

"मला वाटलं, भाऊ हाईत. भाऊ समदं बराबर करतील."

बघा, तुमच्यावर एवढा विश्वास होता गावाचा.

मग तलवारीचा माग काढला. शेजारच्या सोनूबाईनं ऐकलं होतं चुलत जावेकडून, तिनं नवऱ्याकडून, त्यानं पारावर. पारावर पहिल्यांदा कोण बोललं, याचा छडा लागायला वेळ लागला नाही. सगळ्या वाटा माझ्याच उंबऱ्याशी आल्या. तुमच्या दादांनी सांगितलं होतं. तलवार त्यांनीच दिली तुम्हाला.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे. काल तुमचा महिना झाला.

दगड देवळासमोर आणला होता. पाथरवटानं तुमचं नाव कोरून ठेवलं होतं, सुरेख अक्षर आहे. बाकीचं सगळ्यांसमोर कोरायचं होतं. पाटलांनी तुमच्या शौर्याचं भाषण केलं. तलवारीसोबत आता घोडाही आला होता. घोडा, भाऊजी. गाडीत बसला तरी तुम्हाला मळमळायचं.

मी बायांच्या घोळक्यातून पुढं गेले. पदर डोक्यावरून घेतला होता. तुमच्या खिशातलं ते वाळलेलं पान मी दगडावर ठेवलं. "नागनाथाचा बेल हाय," मी म्हटलं. "भाऊजींच्या खिशातला. त्या दिवशी ज्यानं वर्दीवाले पाह्यले, त्यानं उचलावा आन सांगावं. मंग पायजे ते कोरा."

कोणी हललं नाही. पाटील म्हणाले, "सूनबाई, घरात जा. बायकायचं काम न्हाई हे." मी हलले नाही. धाब्यावरच्या तिघी तिथंच होत्या, जमिनीकडं पाहत. म्हादू मागं होता. मला वाटलं, संपलं. आता मागच्या खोलीतल्या तिघांना वाशिमला माझ्या भावाकडं कसं पोचवायचं याचाच विचार मी करत होते.

दादा उठले. माझ्या दंडाला धरून ते मला घरी नेतील, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. ते दगडापाशी आले आणि खाली वाकून त्यांनी पान उचललं. ते कडकडीत वाळलं होतं, म्हणून दोन्ही हातांची ओंजळ केली.

"वर्दीवाला कोणी नव्हता," ते म्हणाले. "मी तिथं व्हतो. कुऱ्हाड आपल्यातली व्हती. कोणाची ते इचारू नका. जहर कोणी टाकलं न्हवतं. तलवारीचं म्या सांगलं." मग म्हणाले, "कासमकडं कोणी लपलं न्हवतं."

मागून म्हादू रडत बोलायला लागला, ज्वारी, मेंढरं, सगळं. पाटील उठून गेले. त्यांच्यामागं बरेच गेले. काहीजण जाताना दादांच्या पायाशी थुंकले. पाथरवटानं विचारलं, "मंग पुढं काय घालू?" शेवटी त्यानं छिन्नी गोळा केली. दगडावर तुमचं नुसतं नाव आहे. आज सकाळी हुसेनबी घराबाहेर येऊन माझ्या अंगणात बसली. पाण्याला गेली नाही अजून, पण दारात बसली.

तुम्ही असतात तर आनंदानं उड्या मारल्या असत्या, बेल खरंच काम करतो म्हणून. मलाही काल घरी येताना तुमचा अभिमान वाटत होता, आणि त्यांचाही. खोटं कशाला बोलू, नवऱ्याचा अभिमान वाटला. मी त्यांच्यासाठी ताट वाढलं. भाकरी, पिठलं, तुम्हाला आवडायची तशी लसणाची चटणी. ते पाटावर बसले. हात धुतले.

मग मी समोर बसले. कोणी पाहिलं, ते सांगून झालं होतं. कोणी सांगितलं, तेही झालं होतं. तुमचा तिसरा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते विहिरीपाशी होते. सख्खा भाऊ काठावर बसला होता. लोक मागं सरले होते.

मी विचारलं, "आन तवा तुमी काय केलं?"

कालपासून ते त्याच पाटावर बसून आहेत. ताट मी उचललेलं नाही. पोरींना शेजारी पाठवलं आहे. हुसेनबीच्या नातवाला भूक लागली होती, त्याला भरवून आले. घाई करायची नसते, समोरचा बोलेपर्यंत थांबायचं असतं, असं तुम्ही म्हणायचात. मी थांबले आहे, भाऊजी.